वारसा की अमानत?

दर्या हा आमच्या शायरीचा जुना आसरा. थेंब दर्यात मिसळला की सूफी कवीला त्यात फना दिसते. पाणबुडा तळ गाठतो आणि मूठभर मोती घेऊन वर येतो. मराठीने तर समुद्राला रत्नाकरच म्हटले. या साऱ्या प्रतिमांत तळ म्हणजे खजिना आणि खजिना म्हणजे जो बुडी मारील त्याचा. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही हे गात आलो, त्यात काही वावगे आहे असे वाटले नाही. आता बुडी मारायला यंत्रे निघाली आहेत.

जानेवारी १९८१ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'गवेषणी' जहाजावरून अरबी समुद्राच्या तळातले काळे गोटे वर काढले. दिसायला बटाट्यासारखे, आत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट. शंखाच्या तुकड्याभोवती किंवा शार्कच्या दाताभोवती हे धातू थराथराने साचतात, दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर. (मोतीही असाच कशाभोवती तरी वाढतो, पण शिंपला तो काही वर्षांत घडवतो.) २००२ साली भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार केला आणि मध्य हिंदी महासागराचा ७५,००० चौरस किलोमीटर तळ शोधासाठी मिळवला.

१९८२ च्या सागरी कायद्याने या तळाला मानवजातीचा सामायिक वारसा म्हटले. शब्द उदात्त आहे. पण वारसा म्हटला की वाटणी आली. कुणाचा हिस्सा किती, हे तर आम्हांला कुरआनानेच सांगितले आहे. अमानतीची मात्र वाटणी होत नाही. ती ज्याची त्याला, जशीच्या तशी परत करायची असते. माणसाला जमिनीवर खलीफा नेमले म्हणजे मालक केले, असा सोयीचा अर्थ आम्हीही काढत आलोच. तळाकडे कोणत्या शब्दातून पाहायचे हा प्रश्न कायदेपंडितांचा जितका, तितकाच लेखकांचा आहे.

नकार सोपा नाही. आमच्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीत कोबाल्ट आहे आणि कांगोत तो खोदणाऱ्यांत लहान मुलेही आहेत. तळाला हात लावू नका म्हणणाऱ्याला त्या मुलांकडे पाठ फिरवता येणार नाही. समुद्रातून धातू आला म्हणून त्या खाणी बंद पडतील, असे मात्र आम्हांला वाटत नाही. आणि तळाची जखम भरत नाही. १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या समुद्रात, चार हजार मीटरहून खोल तळावर, प्रयोग म्हणून नांगर फिरवला. २०१५ साली पुन्हा पाहिले, तर तास तसेच होते.

कलेने काय करावे? १९७० साली रॉजर पेन यांनी हंपबॅक देवमाशांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका काढली. लोकांनी ती ऐकली, हळहळले, आणि १९८२ साली व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव झाला त्यामागे त्या सुरांचाही हात होता. पण देवमाशाला गळा आहे. गोट्यांवर चिकटून राहणाऱ्या स्पंजाला, गाळात सरकणाऱ्या समुद्रकाकडीला तो नाही. त्यांच्या तोंडी आपली भाषा घालणे आम्हांला पटत नाही. तेही एक प्रकारचे उत्खननच.

त्यापेक्षा आमच्या जुन्या प्रतिमेलाच हात घालावा. एखाद्या शेरात पाणबुडा तळापर्यंत जावा, सारे पाहावे, रिकाम्या हातांनी वर यावे. आणि तरीही मैफलीतून 'मुकर्रर' ऐकू यावे. असा शेर आम्हांला अजून साधलेला नाही.