कचरा वेगळा करणे : दया की न्याय?



'कचरा टाकला' असे आपण सहज म्हणतो. टाकला म्हणजे नेमका कोठे टाकला, हे मात्र क्वचितच विचारतो. एखादी वस्तू आपल्याला नकोशी झाली, की तिच्याबद्दलची आपली जबाबदारीही तेथेच संपते का? प्रश्न साधा दिसतो, पण तो नीतीचा प्रश्न आहे.

आपल्या पुणे शहरात दररोज २००० टनांहून अधिक कचरा निघतो. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील डेपोत जात राहिला. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की हवेअभावी कुजतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. ढिगातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरते. तेथील विहिरी त्यामुळे नासल्या. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, तेव्हा ग्रामस्थांनी सुमारे तीन आठवडे शहराच्या कचरागाड्या अडवून धरल्या. शहराने जे 'टाकले' होते, ते त्यांच्या अंगणात पडले होते.

पण कचरा गावाबाहेर पोहोचण्यापूर्वी तो कोणाच्या तरी हातांतून जातो. पुण्यातील कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ साली स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली महापालिकेशी करार होऊन तिचे सभासद घरोघरी कचरा गोळा करू लागले. या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजातील. घरटी मिळणारे शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निवडलेले भंगार विकून येणारे पैसे, यांवर त्यांचा संसार चालतो. आमटी सांडलेल्या वर्तमानपत्राला रद्दीचा भाव येत नाही. फुटलेली काच, दाढीचे ब्लेड, वापरलेले डायपर हे सारे उष्ट्याखरकट्यात मिसळून दिले, तर ते वेगळे करायला यंत्र येत नाही. ती बाई हातानेच वेगळे करते.

कचरा वेगळा करून देणाऱ्या काही भल्या माणसांना वाटते, की आपण त्या बाईंवर दया करीत आहोत. आम्हाला येथे थोडे थांबावेसे वाटते. संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाचा विचार करताना ज्याचे त्याला देण्याच्या दृढ इच्छेवर भर दिला. दयेत आपण आपले काहीतरी देतो. न्यायात दुसऱ्याचेच त्याला देतो. न कापलेला हात त्या बाईचाच आहे. तिच्या श्रमाचे मोलही तिचेच आहे. आपण ते राखले, तर उपकार केले नाहीत, देणे फेडले.

घरभेटींच्या वेळी दोन आक्षेप आमच्या कानावर येतात. पहिला : "आम्ही पैसे देतो, मग हे काम त्यांचेच." पैसे देऊन सेवा विकत घेता येते, दुसऱ्याला जखम करण्याचा परवाना विकत घेता येत नाही. दुसरा : "पुढे गाडीत सगळे एकत्रच होते, मग आम्ही का कष्ट घ्यावेत?" असे कोठे होत असेल, तर तक्रार अवश्य करावी. पण गाडीत काहीही होवो, दाराशी पिशवी उघडणारा हात त्या दिवशी वाचलेला असतो. दुसऱ्याने कर्तव्य केले नाही म्हणून आपले कर्तव्य रद्द होत नाही.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करून देणे घराघराला बंधनकारक केले. पण कायदा दंडाच्या भीतीपर्यंतच पोहोचतो. त्यापुढे सद्सद्विवेकच लागतो. नगर जिल्ह्यातून येथे आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांच्या वाडवडिलांनी गावातली घाण काढली आणि वर विटाळही सोसला. इतरांची घाण कोणाच्या वाट्याला येते, हे त्या घरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

करायचे थोडेच आहे. घरात दोन डबे ठेवू. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून देऊ. काच जाड कागदात बांधून वेगळी देऊ. सॅनिटरी पॅड व डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढू. 'स्वच्छ'च्या सभासदांनी हीच खूण रूढ केली आहे. चर्चच्या सणाच्या जेवणाला कागदी पत्रावळींऐवजी स्टीलची ताटे वापरू आणि ती आपणच धुऊ. आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचे नाव विचारून घेऊ.

योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांचे जेवण झाल्यावर येशूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याने इतक्यांना जेवू घातले, त्याला भाकरीची ददात नव्हती. तरी काही वाया जाऊ नये, ही त्याची इच्छा होती. आणि ते उष्टे गोळा करण्याचे काम त्याने दुसऱ्या कोणाला नव्हे, तर आपल्या शिष्यांनाच सांगितले.

आपले धर्मगुरू