दुसरा साक्षीदार

बुलढाण्यात बसून समुद्राबद्दल लिहिणं काहींना चमत्कारिक वाटेल. आमच्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा, पूर्णा आणि लोणारचं खारं सरोवर. पण खामगावच्या कापूसबाजाराला 1870 साली रेल्वे आली ती मुंबई बंदराकडे गाठी नेण्यासाठीच. आमच्या भागातले हाजीही पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून जहाजानं गेले. ती वाट 1995 मध्ये बंद झाली. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर सरंग, टंडेल, खलाशी म्हणून राबणाऱ्यांत रत्नागिरी-कुलाब्याकडचे आपले कोकणी मुसलमान मोठ्या संख्येनं होते.

त्यांचा इतिहास कागदांत आहे. प्रश्न आहे तो कुणाच्या कागदांत? भरतीचे करारनामे कंपन्यांनी आणि सरकारनं जपले, कारण हिशेबाला ते लागत. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांवर हिंदी दर्यावर्दींच्या नावांचे ग्रंथ आहेत. दुसरी प्रत चितगावला. ज्याला कबर मिळाली नाही त्याच्यासाठी ती एक ओळ, आणि ती जपणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत. पण गोऱ्या खलाशाच्या मानानं त्याला पगार चौथा-पाचवा हिस्सा का होता, 1939 मध्ये ब्रिटिश बंदरांत हिंदी खलाशांनी संप करून तुरुंग का पत्करला, हे ती ओळ सांगत नाही.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे. लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, आणि साक्षीदार दोन असावेत. मला वाटतं, कंपनीचं दफ्तर हा एकच साक्षीदार झाला. दुसरा घरातल्या ट्रंकेत आहे: नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, मनिऑर्डरच्या पावत्या, परदेशी बंदरातून आलेलं पत्र. वारसा वाटण्यापूर्वी मयताचं कर्ज फेडावं, हे आपण जाणतो. मग मयताचं जगाकडे राहिलेलं येणं? त्याचा पुरावा रद्दीत घालण्याचा हक्क वारसाला आहे का? माझ्या मते नाही. तो कागद वारसाची मिळकत नव्हे, त्याच्याकडे ठेवलेली अमानत आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. पत्रात बायकोला लिहिलेलं असतं, सावकाराचं देणं असतं, एखादी लाजही असते. दुसऱ्याचं ऐब झाकावं, ही आपली शिकवण. ती मोडून इतिहास लिहायचा का? संशोधक मंडळी हा प्रश्न फार लवकर उरकतात. मी एवढंच म्हणेन की पगार, मार, आजार, बुडालेलं जहाज या गोष्टी लाजेच्या नव्हेत. आणि जी लाज आहे ती घरच्यांनी म्हटलं तर त्यांच्या हयातीपर्यंत बंद पाकिटात राहू शकते. झाकणं आणि जाळणं यांत फरक आहे.

करारनाम्यावर बहुधा सहीच्या जागी अंगठा असतो. त्या अंगठ्याच्या माणसाचे किती पैसे घरी पोचले, हे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या लेकीसुना अजून दापोली, खेड, चिपळूणकडे आहेत. तिकडे दर पावसाळ्यात ट्रंकेतल्या कागदाला बुरशी धरते.