अग्रपूजेचा मान

राजसूय यज्ञाच्या सभेंत पहिल्या पूजेचा मान कोणास द्यावा, हा प्रश्न निघतांच केवढा अनर्थ ओढवला, हें महाभारताच्या वाचकांस सांगावयास नको. भीष्मांनीं श्रीकृष्णाचें नांव सुचविलें आणि शिशुपाल उसळून उठला. त्याचा मत्सर क्षणभर बाजूस ठेवला, तर त्यानें केलेला प्रश्न विचारण्याजोगाच होता. वयानें वडील, ज्ञानानें वडील, पराक्रमानें वडील असे अनेक पुरुष सभेंत बसलेले असतां यालाच अग्रपूजा कां? गुणी माणसें एकत्र जमलीं कीं त्यांतील पहिला कोण, हें ठरविल्यावांचून मनुष्यस्वभावास चैन पडत नाहीं. आणि तें ठरवितांना भांडण झाल्यावांचून राहत नाहीं.

अमेरिकेंत हें भांडण दर उन्हाळ्यांत नेमानें होतें, आणि तें बेसबॉलच्या खेळासंबंधीं असतें. बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. तेथील प्रमुख धंदेवाईक संघ अमेरिकन लीग व नॅशनल लीग अशा दोन गटांत विभागलेले आहेत. हंगामाच्या मध्यास, जुलै महिन्यांत, दोन्ही गटांतील निवडक खेळाडूंचा एक सामना होतो; त्यास ‘ऑल-स्टार’ सामना म्हणतात. आरंभीं मैदानावर उतरणारे फलंदाज प्रेक्षकांच्या मतांनीं निवडले जातात; गोलंदाज व राखीव खेळाडू यांची निवड खेळाडूंच्या मतांवर व खेळाच्या मध्यवर्ती कचेरीवर सोंपविलेली असते. या सामन्यांतील जयापजयाचें कोणास फारसें सुखदुःख नसतें. परंतु निवडीच्या आधीं आणि निवडीच्या नंतर घरोघरीं, कचेऱ्यांतून, उपाहारगृहांतून जो वाद चालतो, त्याची गोडी खेळाच्या गोडीहून कमी नसते. अमक्यास घेतलें आणि तमक्यास वगळलें, हा अन्याय झाला, असें माणसें पोटतिडकीनें बोलतात.

‘अन्याय’ हा शब्द येथें शोभतो काय? खेळांतल्या एका मानासाठीं एवढा मोठा शब्द कशास, असें गंभीर वाचकास वाटेल. मला मात्र त्या शब्दांतच या वादाचें सारें मर्म दिसतें. “मला हा खेळाडू आवडतो” असें कोणी म्हणाला, तर त्याच्याशीं वाद घालण्याचें कारण नाहीं. आवड ही ज्याची त्याची. परंतु “हा खेळाडू त्याच्याहून श्रेष्ठ आहे” असें तो म्हणाला, कीं त्या क्षणीं त्यानें कारणें देण्याचें वचन दिलें. पहिल्या वाक्यांत तो स्वतःविषयीं बोलत होता. दुसऱ्यांत तो दुसऱ्याच्या हक्काविषयीं बोलत आहे. तेव्हां प्रश्न असा आहे: गुणाची स्तुति ही देणगी आहे कीं देणें आहे? देणगी देणारा आपल्या मर्जीचा धनी असतो. देणें फेडणाऱ्यास मर्जी नसते. ज्याचें असेल त्यासच तें पोंचवावें लागतें.

ऑल-स्टार सामन्याचा इतिहास पाहिला, तर या दोन कल्पनांची ओढाताण त्यांत पदोपदीं दिसते. पहिला सामना ६ जुलै १९३३ रोजीं शिकागो येथील कॉमिस्की पार्क या मैदानावर झाला. ‘शिकागो ट्रिब्यून’ या पत्राचा क्रीडासंपादक आर्च वॉर्ड याची ही कल्पना. त्या वर्षीं शिकागोस भरलेल्या जागतिक प्रदर्शनाची शोभा वाढावी, एवढाच हेतु होता. मतपत्रिका वर्तमानपत्रांतून छापल्या आणि निवड लोकांवर सोंपविली. दोन वर्षें असें चाललें. १९३५ पासून ती सत्ता संघांच्या व्यवस्थापकांकडे गेली. १९४७ मध्यें ती पुनः लोकांकडे आली.

दहा वर्षांनीं त्या सत्तेची परीक्षा झाली. १९५७ सालीं सिन्सिनाटी शहराच्या लोकांनीं इतक्या उत्साहानें मतें दिलीं, कीं नॅशनल लीगच्या आठ जागांपैकीं सात जागा त्यांच्याच संघाच्या खेळाडूंस मिळाल्या. ‘सिन्सिनाटी एन्क्वायरर’ या तेथील पत्रानें तर स्थानिक खेळाडूंचीं नांवें आधींच भरलेल्या मतपत्रिका छापल्या होत्या; वाचकानें त्या कापून पाठवाव्यात एवढेंच काम उरलें होतें. अखेर खेळाचा कमिशनर फोर्ड फ्रिक यानें दोघांस आरंभींच्या संघांतून दूर केलें आणि त्यांच्या जागीं विली मेझ व हँक आरन यांस घेतलें. आरन हा त्याच वर्षीं आपल्या लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. पुढच्या वर्षापासून लोकांचा मताधिकार गेला, आणि तो १९७० पर्यंत परत आला नाहीं.

सिन्सिनाटीच्या नागरिकांनीं कोणता नियम मोडला? त्यांचें उत्तर सरळ होतें: मत आमचें, खेळाडू आमचे, आम्हीं आमच्यांस मत दिलें. आपल्या भाषेंत यास ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कार्टें’ असें म्हणतात, आणि ही म्हण प्रत्येक घरांत खरी असते. आपल्या गांवच्या संघावर आंधळें प्रेम करण्यांत कांहींच पाप नाहीं. तसें प्रेम नसेल तर खेळच उरणार नाहीं. चूक एवढीच झाली, कीं त्यांनीं देण्याच्या पैशांतून देणगी दिली. मतपत्रिकेवर विचारलेला प्रश्न ‘तुमचा लाडका कोण’ असा नव्हता; ‘या जागेवर उत्तम कोण’ असा होता. उत्तर मात्र पहिल्या प्रश्नाचें गेलें, आणि त्याची किंमत दूरच्या गांवीं खेळणाऱ्या मेझ व आरन यांनीं भरावी, असा तो व्यवहार होता. मनांत पक्षपात असणें हा दोष नव्हे. त्या पक्षपातावर न्यायाची मोहोर उठविणें हा दोष होय.

मग निवाडा जाणत्यांकडे द्यावा, असें सहज सुचतें. परंतु जाणत्यांचा इतिहासही फारसा निर्मळ नाहीं. वर्षांतील सर्वांत मोलाचा खेळाडू कोण, हें तेथें खेळावर लिहिणारे वार्ताहर मतें देऊन ठरवितात. १९४१ सालीं न्यूयॉर्कच्या जो डिमाजिओनें लागोपाठ ५६ सामन्यांत किमान एक तरी यशस्वी फटका मारला. बोस्टनच्या टेड विल्यम्सनें वर्षभरांत दर हजार संधींमागें ४०६ यशस्वी फटके मारल्याची सरासरी राखली. दोन्ही पराक्रम अपूर्व. मान डिमाजिओस मिळाला, २९१ गुणांनीं. विल्यम्सचे गुण २५४ भरले. हा निर्णय चुकीचा होता असें कोणीही ठामपणें म्हणूं शकणार नाहीं, कारण सातत्य मोठें कीं एकंदर यश मोठें, आणि ज्याचा संघ पहिला आला त्यास त्याचें श्रेय किती, हे खरेखुरे प्रश्न आहेत. परंतु १९४७ सालीं विल्यम्स सरासरी, घरधावा व मिळवून दिलेल्या धावा या तिन्ही बाबतींत आपल्या लीगमध्यें पहिला होता, आणि तरीही तो मान डिमाजिओकडे गेला, तोही २०२ विरुद्ध २०१ अशा एका गुणानें. विल्यम्सचें वार्ताहरांशीं मुळींच पटत नसे, हें सर्वांस ठाऊक होतें. लोक प्रेमानें आंधळे होतात, तर जाणते रागानें आंधळे होऊं शकतात, असा संशय तेव्हांपासून घेतला जातो. आणि जेथें मतें माणसेंच देतात, तेथें तो संशय निराधार म्हणतां येत नाहीं.

उलट पक्षीं, ज्या लोकांना पक्षपाती म्हणून दूर सारलें होतें, त्यांनीं परत येतांच काय केलें पाहा. १९७० च्या मतपत्रिकेंत अटलांटाच्या रिको कार्टीचें नांव छापलेलेंच नव्हतें. लोकांनीं तें नांव आपल्या हातानें लिहून पाठविलें आणि त्यास निवडून आणलें. त्या हंगामाच्या अखेरीस सरासरींत तो दोन्ही लीगमध्यें पहिला आला. यादी करणाऱ्यांच्या नजरेंतून निसटलेला गुण प्रेक्षकांच्या नजरेनें टिपला होता.

प्रेमही नको आणि रागही नको, आंकड्यांनींच निवाडा करावा, असें म्हणणारा पक्ष गेल्या कांहीं दशकांत बलवान झाला आहे. त्याचें म्हणणें वाजवी आहे. आंकडा कोणाच्या तोंडाकडे पाहत नाहीं. तथापि २०१२ सालीं आंकड्यांचीच दोन सैन्यें समोरासमोर उभीं राहिलीं. डेट्रॉइटचा मिगेल काब्रेरा हा वर सांगितलेल्या तिन्ही जुन्या बाबतींत पहिला आला. १९६७ नंतर हें कोणास साधलें नव्हतें. नव्या गणिताप्रमाणें, धांवणें व क्षेत्ररक्षण जमेस धरतां, लॉस एंजलिसच्या संघाचा नवखा माईक ट्राउट हा अधिक मोलाचा ठरत होता. मान काब्रेरास मिळाला. वाद अजून मिटलेला नाहीं. काय घडलें तें आंकडा सांगतो. जें घडलें त्यांत मोलाचें काय, हें त्यास सांगतां येत नाहीं. शिवाय आंकड्यास आणखी एक उणेपणा आहे, आणि तो सर्वांत मोठा आहे. ज्याची नोंदच झाली नाहीं, त्याच्याविषयीं तो मुका असतो.

१९३३ च्या ज्या मैदानावर पहिला ऑल-स्टार सामना झाला, त्याच मैदानावर त्याच वर्षीं १० सप्टेंबर रोजीं दुसरा एक तारकांचा सामना झाला. त्याचें नांव ‘पूर्व-पश्चिम सामना’. त्यांतील खेळाडू कृष्णवर्णीय होते, आणि त्यांची निवड ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कूरियर’ यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या पत्रांतून मतें घेऊन झाली होती. पुढें हा सामना पाहण्यास लोटणारी गर्दी एवढी वाढली, कीं १९४३ सालीं ती पन्नास हजारांवर गेली. जुलैच्या मतपत्रिकेवर मात्र यांपैकीं एकाचेंही नांव येऊं शकत नव्हतें, कारण मोठ्या लीगचे दरवाजे त्यांस बंद होते. धनुर्विद्येच्या रंगमंडपांत उतरलेल्या कर्णास कृपाचार्यांनीं कुळ विचारलें, त्याचीच ही पुनरावृत्ति. फरक इतकाच, कीं कर्णास निदान मंडपांत येऊन आपलें कौशल्य दाखवितां आलें.

जॉश गिब्सन हा त्या काळच्या सर्वांत बलवान फलंदाजांपैकीं एक. तो २० जानेवारी १९४७ रोजीं वारला, अवघ्या ३५ व्या वर्षीं. तीन महिने पुरे होण्याच्या आंत, १५ एप्रिल रोजीं, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघांतून मैदानावर उतरला आणि तो बंद दरवाजा उघडला. ऑल-स्टार सामन्यांत पहिले कृष्णवर्णीय खेळाडू दिसावयास १९४९ साल उजाडावें लागलें.

येथें आपल्या साऱ्या विवेचनास वेगळेंच वळण लागतें. चौदा वर्षें लोक भांडत होते, व्यवस्थापक निवडीत होते, वार्ताहर गुणांची बेरीज करीत होते. एकेका नांवासाठीं न्यायाची दुहाई दिली जात होती, आणि ती बहुधा प्रामाणिकपणें दिली जात होती. परंतु तो सारा न्याय एका बंद खोलींतला होता. खोलींत बसलेल्यांपैकीं कोणावर किती अन्याय झाला, याची चर्चा रात्रंदिन चालली होती. दाराबाहेर कोण उभे आहेत, हें फार थोड्यांनीं विचारलें. कोणी मुद्दाम खोटें मत न देतांही घोर अन्याय होऊं शकतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं.

तो प्रश्न विचारणाऱ्यांत पुढें एक अनपेक्षित माणूस निघाला. १९६६ सालीं टेड विल्यम्सचा समावेश कूपरस्टाउन येथील ‘हॉल ऑफ फेम’मध्यें, म्हणजे बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत, झाला. वार्ताहरांनीं एका गुणानें ज्याचा मान हुकविला होता, त्यास आपलें जुनें गाऱ्हाणें मांडावयास याहून चांगली संधि नव्हती. त्यानें आपल्या भाषणांत सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांचीं नांवें घेतलीं, आणि ज्यांस खेळण्याची संधिच दिली गेली नाहीं अशा या थोर खेळाडूंसही एक दिवस येथें स्थान मिळावें, अशी इच्छा प्रकट केली. पेज याचा गौरव १९७१ सालीं झाला. तोही आधीं वेगळ्या दालनांत करण्याचें योजिलें होतें, आणि लोकांनीं आक्षेप घेतल्यावर तो बेत सोडावा लागला. १९७२ मध्यें गिब्सनची पाळी आली. तेव्हां त्याच्या मृत्यूस पंचवीस वर्षें झालीं होतीं. पुढें २०२४ सालीं कृष्णवर्णीयांच्या जुन्या लीगचे आंकडे अधिकृत नोंदींत सामील झाले, आणि आयुष्यभराच्या सरासरींत टाय कॉब याच्या ३६७ च्या वर गिब्सनचे ३७२ लागले. त्यांचे हंगाम लहान होते, प्रतिस्पर्धी निराळे होते, मग ही तुलना खरी काय, असा वाद लगेच सुरू झाला. होऊं द्यावा. निदान आतां तो वाद नांवें समोर ठेवून होतो.

हा सारा खेळाचा विषय. यांत एवढें काय, असें कोणी म्हणेल. माझें म्हणणें असें, कीं निवाडा करण्याची संवय माणसास फावल्या वेळांतच लागते. सिन्सिनाटीची छापील मतपत्रिका कापून पाठविणारा हातच उद्यां परीक्षकाच्या खुर्चींत बसून गुण देतो, नेमणुकीच्या समितींत शिफारस करतो, पारितोषिकासाठीं पुस्तक निवडतो. तेथें ‘आपला बाब्या’ पुढें सरकतो आणि कोणाचें तरी देणें बुडतें. त्या वेळीं दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. मी जें देत आहें तें माझें आहे काय? आणि माझ्या हातांतील यादींत कोणाचीं नांवें येऊंच शकलीं नाहींत? पहिला प्रश्न आपण केव्हां केव्हां विचारतों. दुसरा सहसा सुचत नाहीं, कारण जें नांव यादींत नाहीं तें डोळ्यांस दिसत नाहीं. अग्रपूजा कोणास, हा वाद सभेनें खुशाल घालावा. पण त्याआधीं सभेच्या दारापर्यंत एकदां जाऊन यावें.