कोणत्या मातीतला ख्रिस्त?

धर्म आणि भाषा यांचा वाद वऱ्हाडाला नवा नाही. तेराव्या शतकात रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं ठाणं होतं. पंथातले केशोबास संस्कृतचे पंडित. त्यांनी संस्कृतात लिहायचं मनावर घेतलं, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं अशी आख्यायिका आहे. संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या साध्या बायाबापड्यांना त्यातलं काही कळणार नाही, हे त्यांचं कारण. ब्रह्मविद्येनं कोणाच्या तोंडची बोली बोलायची, याचा निकाल त्या एका नकारानं लावला. पुढे तीन शतकांनी ख्रिस्ती धर्मविचार मराठी मुलखात आला आणि त्याच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहिला. संस्कृतीशी नातं जोडायला हवं, हे त्याला हळूहळू पटत गेलं. पण संस्कृती म्हणजे कोणाची, हे विचारायला त्याला फार वेळ लागला.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले. 1616 मध्ये रायतूरला त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. लिपी रोमन, भाषा मराठी आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या. हिंदू पुराणं सोडलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागी काहीतरी हवं होतं, आणि त्या मागणीतूनच ही कथा उलगडते. स्टीफन्सनी ओवी आणि पुराणकथनाची सगळी रीत उचलली, मराठीचं मनापासून कौतुकही केलं. पण त्याच गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन चालू होतं, देवळं पाडली जात होती, आणि 1684 मध्ये तर स्थानिक भाषा बंद करण्याचा हुकूम निघाला. म्हणजे ओवी चालत होती, पण ती ओवी ज्यांच्या ओट्यावर वाढली त्यांचा भूतकाळ चालत नव्हता. तत्त्व आमचं आणि अंगरखा तुमचा, असा तो व्यवहार होता.

रोमचंही धोरण डळमळीतच होतं. मदुराईत जेझुइट रॉबर्टो द नोबिली ब्राह्मण संन्याशाच्या वेषात राहिले. 1623 मध्ये पोप पंधराव्या ग्रेगरींनी त्यांच्या बाजूनं निर्णय दिला. 1659 मध्ये धर्मप्रसाराचं काम पाहणाऱ्या रोमच्या मंडळानं मिशनऱ्यांना बजावलं की आपापल्या देशाच्या चालीरीती दुसऱ्यांवर लादू नका. पण 1744 मध्ये पोप चौदाव्या बेनेडिक्टनी अशा स्थानिक चालींवर, म्हणजे तथाकथित मलबारी रीतींवर, कडक बंधनं घातली. प्रवाहाबरोबर जावं की विरुद्ध पोहावं, यावर चर्चचं एकमत नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात वारा पालटला. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी मराठी छपाई सुरू केली, 1813 मध्ये अमेरिकन मिशन मुंबईत आलं, आणि 1842 मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. या प्रॉटेस्टंट पिढीच्या मते धर्म शास्त्रात असतो, आणि रूढी ही त्यावर बसलेली धूळ. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (1857) ही कादंबरी विधवांचे हाल इतक्या रोखठोकपणे मांडते की तिच्यातल्या रागाबद्दल आजही आदर वाटतो. पण या सुधारणेच्या उत्साहात एक गोष्ट सुटून गेली. परदेशी मंडळींचे बाक, सूर, रविवारचे कपडे आणि सभेचे नियम ही देखील एका संस्कृतीचीच ओझी होती, आणि ती धर्माबरोबर गपचूप आत आली. मराठी रूढीची चिकित्सा झाली, पाश्चात्त्य रूढीची मात्र क्वचितच.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे उलटं करून दाखवलं. त्यांची गोष्ट विदर्भातून जाते. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं काम केलेल्या टिळकांना पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थानं नवा करार दिला. 1895 मध्ये मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण संतकवी त्यांनी सोडले नाहीत. ख्रिस्ताकडे जाणारी वाट तुकारामांवरून जाते, असं त्यांना मनोमन वाटे. अभंग, कीर्तन, भजन हे सगळं त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणलं आणि मिशनचा पगार सोडून 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. स्टीफन्सना संस्कृती साधन म्हणून हवी होती. टिळकांना ती सोयरिकीची वाटली, पूर्वजासारखी.

त्याच काळात पंडिता रमाबाईंनी दुसरी वाट धरली. संस्कृतात त्या टिळकांपेक्षाही पारंगत होत्या, आणि संस्कृत परंपरेचं सोवळं आणि सत्ता त्यांना आतून ठाऊक होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्याभोवती दुष्काळात सापडलेल्या आणि घराबाहेर काढलेल्या बाया होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करताना त्यांनी संस्कृतप्रचुर शब्दांचा डौल टाळून साधी मराठी पत्करली. 1922 मध्ये त्या वारल्या, त्याच्या थोडं आधी ते काम संपलं होतं. टिळक परंपरा घेत होते, रमाबाई ती टाळत होत्या, म्हणून दोघांना एकमेकांचे विरोधक समजायचं कारण नाही. टिळकांचा श्रोता कीर्तनाला बसलेला होता, रमाबाईंची वाचक पाटीवर अक्षर गिरवत होती.

यापेक्षाही खोल धडा लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. नवऱ्यानं, म्हणजे नारायण वामनांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या आपलं सोवळं घट्ट धरून होत्या. पाच वर्षांनी, 1900 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा प्रवास ग्रंथांतून होत नाही, तो पाणी आणि पंगतीच्या सवयींतून होतो. कोणाच्या हातचं प्यावं, कोणाबरोबर जेवावं, हा प्रश्न त्या एकेक पायरीनं सोडवतात. धर्मशास्त्र पोथीत ठरतं, पण त्याची कसोटी माजघरात लागते, हे त्या एका वाक्यात सांगत नाहीत, जगून दाखवतात.

विसाव्या शतकात पश्चिमेकडेही हा विषय शिस्तीनं मांडला गेला. 1951 मध्ये धर्मशास्त्रज्ञ रिचर्ड नीबूर यांनी ख्रिस्त आणि संस्कृती यांच्या नात्याचे पाच प्रकार वेगळे केले. विरोध, सहमती, संश्लेषण, तणाव आणि परिवर्तन ही त्यांची सोयीची विभागणी. विचार करायला ती उपयोगी आहे, पण तिच्यात संस्कृती एकच, सपाट आणि सर्वांची धरलेली आहे. आपल्याकडचा अनुभव तसं धरू देत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरितांच्या स्थितीचा विचार करताना चर्चमध्येही जात शिल्लक असल्याचं परखडपणे दाखवलं. मग 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्र धर्मशास्त्राची मांडणी केली. भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी परंपरेशी संवाद करत राहिला, पण चर्चमधले बहुसंख्य दलित त्या संवादात कुठेच नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. यातून टिळकांचं मोठेपण कमी होत नाही. पण त्यांची सोयरिक कोणत्या घराशी जुळली, हे विचारणं आता टाळता येत नाही.

वऱ्हाडातल्या अकोट तालुक्याला हा प्रश्न जवळचा आहे, कारण इथे संस्कृती कधीच एकपदरी नव्हती. ‘गजानन विजय’ हा ग्रंथ अकोटच्या नरसिंग महाराजांचे गुरू म्हणून कोतशा अल्ली या यवन संताचं नाव घेतो. कपाशीच्या काळ्या पट्ट्यात विठ्ठल, फकीर आणि महानुभाव मठ शेजारी नांदले. आणि उत्तरेला पोपटखेडवरून सातपुड्याचा घाट चढला की मेळघाटात मराठीशी कुळाचं नातं नसलेली कोरकू भाषा सुरू होते. कोरकू मृतांच्या नावानं कोरलेले लाकडी खांब उभारतात, त्यांची स्मृतीची भाषा तीच. तिथल्या मिशनचे जॉन ड्रेक यांनी 1903 मध्ये कोरकूचं व्याकरण छापलं, आणि भाषेच्या अभ्यासकांना ते अजून उपयोगी पडतं. पण व्याकरण लिहिणं वेगळं आणि त्या भाषेतून देवाबद्दल विचार करू देणं वेगळं. कोरकू माणसाला तुकारामाचा अभंग लॅटिन स्तोत्राइतकाच परका असू शकतो. मैदानातल्या मराठी मध्यमवर्गाला जे ‘भारतीय’ वाटतं, ते डोंगरावर पुन्हा वरून आलेलंच वाटेल.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मिस्सा लोकभाषेत होऊ लागली, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले. मराठी ख्रिस्ती संस्कृतीला मराठीनं दिलेली ही पावती होती, आणि तिचं स्वागतच व्हायला हवं. पण पावतीवर कोणाचं नाव आहे, हेही वाचलं पाहिजे. चारशे वर्षांत धर्मविचार आधी ओवीशी, मग सुधारणेशी, मग अभंगाशी आणि शेवटी दलित अनुभवाशी बोलला. प्रत्येक वेळी त्याला वाटलं की आता आपण लोकांपर्यंत पोहोचलो, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी पंगतीच्या बाहेर उभं होतं. म्हणून कोणत्याही धर्माची परीक्षा त्यानं कोणती संस्कृती स्वीकारली यावर न करता, त्या संस्कृतीत ज्यांना बोलू दिलं नव्हतं त्यांना त्यानं बोलू दिलं का, यावर करावी. नागदेवाचार्यांनी केशोबासांना ज्या कारणानं अडवलं, त्यापेक्षा चांगला निकष मला अजून सापडलेला नाही.