दडविलेला सूर

नाताळ जवळ आला की आमच्या बडनेऱ्यातही गायनमंडळाच्या सरावाची गडबड सुरू होते. मुंबई–हावडा मार्गावरील हे जंक्शन. अमरावतीचा फाटा येथूनच फुटतो. रेल्वेच्या नोकरीमुळे कुटुंबे येतात आणि बदलीबरोबर जातात. गायनमंडळातील आवाजही असेच बदलत राहतात. मग कधी मागच्या रांगेत नुसते ओठ हलविणाऱ्या एखाद्या भगिनीला पुढे यावे लागते. ती आधी नको नको म्हणते, अखेर गाते, आणि आपण सारे थक्क होतो : ‘‘अहो, ही इतके गोड गाते हे आम्हांला ठाऊकच नव्हते!’’

या उद्गारात कौतुक आहे, तशी एक कबुलीही आहे. वर्षानुवर्षे ती आपल्या शेजारीच प्रार्थनेला बसत होती. मग आपण तिला ऐकले का नव्हते?

पुढे न येणाऱ्याला नम्र म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. गाण्याविषयीचा संकोच थोरांनाही चुकलेला नाही. अर्थापेक्षा सुरांचीच मोहिनी आपल्यावर पडते की काय, अशी शंका संत ऑगस्टीन यांना छळीत असे. तरीही ख्रिस्तमंदिरातील गायन त्यांनी नाकारले नाही. नम्रता आणि लपणे यांतील भेद प्रभू येशूने तालांतांच्या दाखल्यात दाखवून दिला आहे. ज्या दासाने आपला तालांत जमिनीत पुरला, त्याने तो उधळला नाही की चोरला नाही. तो केवळ भ्याला. आणि भ्याला तो धनी कठोर आहे या समजुतीने. गळा देणारा परमेश्वर कठोर नाही, हे आपण जाणतो. पण समोर बसलेले आपण?

आपल्याच अमरावती जिल्ह्यात, यावली येथे, १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज पाहा. शालेय शिक्षण बेताचेच. पण हाती खंजिरी घेऊन भजने गात ते गावोगाव फिरले आणि १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेपर्यंत पोहोचले. त्यांची प्रतिभा असामान्य होती, यात संशय नाही. तथापि भजनाची रीतही ध्यानी घेण्याजोगी आहे. एकाने ओळ म्हणावी, इतरांनी ती उचलावी. तेथे चुकणारा एकटा पडत नाही. म्हणून भित्रा गळाही हळूहळू मोकळा होतो.

याउलट चित्र २००९ सालचे. स्कॉटलंडमधील सत्तेचाळीस वर्षांच्या सुझन बॉईल दूरदर्शनवरील एका स्पर्धेच्या मंचावर आल्या, तेव्हा त्यांचे साधे रूप पाहून प्रेक्षक हसले. त्या गाऊ लागताच तेच प्रेक्षक उभे राहिले. जगाने याला चमत्कार म्हटले. वास्तविक त्या आपल्या गावच्या कॅथोलिक चर्चमध्ये कितीतरी वर्षे गात होत्या. अनपेक्षित होता तो जगाला. मात्र त्या टाळ्यांचा भार पेलणे सोपे नव्हते. अंतिम फेरीनंतर थकव्यामुळे त्यांना उपचार घ्यावे लागले. पुढे २०१० साली ग्लासगो येथे पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या भेटीच्या वेळी त्या गायल्या, आणि तो सूर पुन्हा उपासनेच्या मेळ्यात आला.

टाळ्या एका क्षणाच्या असतात. धीर मात्र सोबतीने येतो, असे आम्हांस वाटते. मग प्रत्येक बेसूर गाण्याची स्तुती करावी काय? नाही. खोटी स्तुती हीदेखील एक प्रकारची उपेक्षाच होय. सूर चुकला तर सरावात सांगावे, एकांतात सांगावे, आणि पुन्हा गावयास लावावे. उपासनेत सर्व भाविकांनी सक्रिय भाग घ्यावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले. त्या सहभागात ऐकणेही आलेच.

येत्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला कोणी नवखी मुलगी पुढे उभी राहील. पहिल्या ओळीला तिचा आवाज कापेल. त्या वेळी मान वळवून पाहू नये, शेजाऱ्याला कोपरखळी मारू नये. दुसरी ओळ आपण सर्वांनी मिळून उचलावी.