भिंत, खिडकी आणि चित्र

फ्लॉरेन्सचा जुना भाग पायी पालथा घालता येईल इतका आटोपशीर आहे, आणि त्यामुळे सान्ता मारिया नोव्हेला, सान मार्को, सान्ता क्रोचे आणि नदीपलीकडचे सान्ता मारिया देल कार्मिने ही सारी ठिकाणे एका दिवसात उरकण्याचा मोह प्रवाशाला आवरत नाही. अशा दिवसात पाय दुखतात, वेळ कमी पडतो, हे सारे खरे. परंतु त्याहून मोठे नुकसान असे की चर्चमधले चित्र म्हणजे अंधाऱ्या जागी ठेवलेले संग्रहालयातलेच चित्र, अशी समजूत मनात पक्की होते. प्रबोधनकाळात, म्हणजे स्थूलमानाने पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत, इटलीतल्या चित्रकाराला काम सांगितले जाई ते बहुधा एका ठरावीक भिंतीचे किंवा ठरावीक वेदीचे, आणि तिथे उजेड कोणत्या बाजूने येतो, माणूस कुठे उभा राहतो, कुठे गुडघे टेकतो, याचा हिशेब चित्राच्या रचनेतच मांडलेला असे.

या हिशेबाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सान्ता मारिया नोव्हेला या डॉमिनिकन संघाच्या चर्चमध्ये आहे. तेथे मासाच्चो या तरुण चित्रकाराने १४२५ ते १४२७ च्या सुमारास ‘पवित्र त्रैक्य’ हे भित्तिचित्र काढले. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायचा आणि गिलावा वाळताना तो भिंतीचाच भाग होऊन जायचा, अशी ही फ्रेस्को पद्धती. त्यामुळे त्या दिवशी जेवढा भाग रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज सकाळी घातला जाई. क्रूसावरचा ख्रिस्त, त्याच्या मागे उभा असलेला पिता परमेश्वर आणि दोघांमध्ये कबुतराच्या रूपातला पवित्र आत्मा यांच्यावर मासाच्चोने चौकटीचौकटींचे कमानदार छत अशा रीतीने रंगवले आहे, की सपाट भिंतीत खरोखरच एक खोल दालन कोरलेले आहे असे वाटावे. यथार्थदर्शनात खोलीकडे जाणाऱ्या समांतर रेषा ज्या एका बिंदूत मिळतात, तो लोपबिंदू येथे क्रूसाच्या पायथ्यापाशी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला धरून ठेवलेला आहे. त्यामुळे त्या पातळीच्या वरचे सारे दैवी विश्व मान वर करून पाहावे लागते, आणि खाली शवपेटीवर आडवा पडलेला सांगाडा पाहणाऱ्याला त्याच्याही मरणाची आठवण करून देतो. भूमितीने येथे धर्मोपदेशाचे काम केले आहे, आणि ते चित्रासमोर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. छापील प्रतीत डोळ्यांची पातळीच हरवते.

मात्र मूळ जागा म्हणजे अढळ जागा, असेही समजण्याचे कारण नाही. कलावंतांची चरित्रे लिहून मासाच्चोची थोरवी गाणाऱ्या जॉर्जो वासारीनेच १५७० च्या सुमारास चर्चची फेररचना करताना या चित्रापुढे नवी दगडी वेदी उभारली आणि तिच्यावर स्वतःचे चित्र बसवले. एकोणिसाव्या शतकात त्रैक्य पुन्हा उजेडात आले, ते भिंतीपासून सोडवून दुसरीकडे हलवले गेले, आणि सांगाड्याचा खालचा भाग सापडल्यावर १९५२ मध्ये दोन्ही भाग पुन्हा एकत्र आले. उपासनेची गरज बदलली की चर्च स्वतःच्याच ठेव्यावर पडदा टाकते. तिथली जपणूक संग्रहालयासारखी नसते, हे मान्य करूनच या वास्तूंकडे पाहिले पाहिजे.

कार्मिने चर्चमधील ब्रांकाची चॅपेलमध्ये, म्हणजे ब्रांकाची घराण्याच्या खर्चाने सजलेल्या छोट्या उपासनागृहात, मासाच्चोने मासोलिनो या वडीलधाऱ्या चित्रकाराबरोबर काम केले. १४२८ मध्ये, जेमतेम सत्ताविशीत, मासाच्चो वारला आणि अपुऱ्या भिंती पुढे १४८० च्या दशकात फिलिप्पिनो लिप्पीने पुऱ्या केल्या. वेदीमागच्या भिंतीत खिडकी आहे. डाव्या भिंतीवरच्या चित्रांत उजेड उजवीकडून येतो, उजव्या भिंतीवरच्या चित्रांत डावीकडून; म्हणजे रंगवलेला सूर्य खऱ्या खिडकीशी इमान राखतो. त्याच खिडकीच्या डाव्या हाताला, खालच्या रांगेत, संत पीटर रस्त्याने समोर चालत येतो आणि त्याच्या सावलीच्या स्पर्शाने कडेला बसलेले पंगू लोक बरे होतात, असा प्रसंग आहे. पीटर त्यांच्याकडे पाहतसुद्धा नाही. एक जण उठून उभा राहिला आहे, दुसरा उठण्याच्या बेतात आहे, आणि तिसऱ्यापर्यंत सावली आत्ताच पोचते आहे. चमत्कार घडवणारी ही सावली कोणत्या बाजूला पडावी हे चॅपेलच्या खिडकीने ठरवले आहे. बायबलमधील कथा आणि चॅपेलमधला दिवस यांना इतक्या साध्या उपायाने एकत्र आणणारे दुसरे चित्र सहज सापडणार नाही.

याच्या शेजारी उफित्सी संग्रहालयातील एक दालन ठेवून पाहावे. दुच्चो, चिमाबुए आणि जोत्तो यांची मेरीमातेची तीन भव्य फळीचित्रे तेथे एकत्र आहेत. ती तिन्ही याच शहरातल्या चर्चमधून आलेली असून दुच्चोचे चित्र १२८५ मध्ये सान्ता मारिया नोव्हेलात भजने गाणाऱ्या एका भाविक मंडळाने करवून घेतले होते. तिघांची तुलना तेथे उत्तम होते आणि कलेच्या इतिहासाचा अभ्यासक त्या सोयीचा ऋणी राहील. पण ज्या गाण्यासाठी चित्र घडले ते गाणे तेथे नाही. सान मार्कोच्या मठात प्रश्न आणखी अवघड होतो. फ्रा आंजेलिको या संन्यासी चित्रकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १४४० च्या आसपास भिक्षूंच्या खोल्याखोल्यांत चित्रे काढली, ती एकेका भिक्षूने वर्षानुवर्षे ध्यान करावे म्हणून. चित्रे जागची हललेली नाहीत. १८६९ पासून मठाचेच संग्रहालय झाले आहे, आणि आता प्रत्येक दारातून क्षणभर डोकावून माणसे पुढे सरकतात.

याच शहराच्या कारागिरीचा एक मोठा नमुना जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकात आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटिकेखालचे रंगीत संगमरवरी स्मारक तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने भेट दिले. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने ते घडवले आणि १६९८ मध्ये ते गोव्यात उभे राहिले. त्याच्यावरची चांदीची पेटिका मात्र गोव्यातल्याच कारागिरांची, सुमारे साठ वर्षे आधीची. प्रबोधनकाळ तोवर सरला होता आणि जागाही परक्या खंडातली होती, तरी कोणत्या संतासाठी आणि कोणत्या भाविकांसाठी हे काम आहे हे शिल्पकाराला ठाऊक होते. स्मारकाच्या चारी बाजूंना संताच्या जीवनातले प्रसंग कांस्यात कोरलेले आहेत, आणि भाविकाची नजर त्यांच्यावरून वर चढत चांदीच्या पेटिकेपर्यंत जाते.