हिरवं कुरण, भुकेला कळप

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात डोंगरउतारावर एका बापलेकाचं कुरण होतं. मांसासाठी पाळलेल्या काळ्या अँगस गाईंचा कळप आणि नजर पोचेल तिथवर फेस्क्यू गवत. 1931 मध्ये केंटकी विद्यापीठाचे प्राध्यापक फर्गस यांना हे गवत असंच एका उतारावर आढळलं. 1943 मध्ये 'केंटकी 31' या नावानं त्याचं वाण आलं आणि उघडेबोडके उतार हिरवे झाले. हे गवत दुष्काळाला भीत नाही, किडीला नाही, खुरांनाही नाही. "या गवतानं आपली माती राखली," असं म्हातारा येईल-जाईल त्याला सांगे.

कळप मात्र अंग धरत नव्हता. ऐन जुलैत गाईंच्या अंगावर हिवाळ्यातले राठ केस तसेच असत. दुपारी चरणं सोडून त्या तळ्याच्या चिखलात पोटापर्यंत उभ्या राहत. गाई गाभण न राहता उलटत, वासरं वाढत नसत. एका थंडीत दोन गाई मागच्या पायानं लंगडू लागल्या आणि एका कालवडीच्या शेपटीचं टोक वाळून गळून पडलं. म्हातारा खुराक वाढवी, जंताचं औषध पाजी. गवताला बोल लावू देत नसे.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी गवत तपासायला पाठवलं. गवताच्या आत, डोळ्यांना न दिसणारी बुरशी निघाली. तिच्या विषानं रक्तवाहिन्या आकसतात. उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, थंडीत खुरापर्यंत रक्त पोचत नाही.

मुलानं अर्धं कुरण नांगरून बुरशीमुक्त फेस्क्यू पेरलं. पुढच्या वर्षी तिथली वासरं डोळ्यांत भरतील अशी वाढली. उरलेलं अर्धंही तो नांगरणार, तोच पावसानं दडी मारली. नवं गवत करपलं, राहिलेलं जनावरांनी मुळापर्यंत खाल्लं. जुनं कुरण हिरवंच होतं.

"बघ, माझं गवत!" म्हातारा म्हणाला.

मुलानं तळ्याकडे बोट केलं. "आणि तुमच्या गाई, बाबा?"

डॉक्टर म्हणाले, "तुमचं गवत त्या बुरशीच्याच जिवावर तगतं. ती काढली तर गवत जातं, ठेवली तर गाई जातात. म्हणून तिचा वाटा कमी करा."

मग थंडी सरता सरता बापलेकांनी जुन्या कुरणात क्लोव्हर या दुसऱ्या चाऱ्याचं बी फोकलं. विष सगळ्यांत जास्त बियांच्या तुऱ्यात, म्हणून गवत निसवायच्या आत कापायचं ठरलं. कडक उन्हाळ्यात कळप दुसऱ्या गवतावर जाऊ लागला. हळूहळू गाईंची कातडी तुकतुकीत झाली. तळ्यावर त्या आता पाण्यापुरत्या येत.

पुढे संशोधकांनीही बुरशीला हाकललं नाही. गवताला सांभाळणारी पण जनावराला न बाधणारी बुरशी शोधून तीच फेस्क्यूत घातली.

तात्पर्य: ज्यानं आपल्याला तारलं त्याचा दोष पाहायला मन धजत नाही, आणि दोष दिसला की त्याचा उपकार आठवत नाही. कुरणाची परीक्षा हिरवेपणावरून नव्हे, कळपावरून करावी. आणि दोष उपटण्याआधी त्याच मुळाला कोणता गुण चिकटलेला आहे ते पाहावं.